प्लेटलेट आणि मामांचा टॉवेल

माझे मामा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल आहेत. दलाल म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच येतं, म्हणून नगरला कॉलेजात आल्यावर सुरुवातीला मी 'मामांचं पशुपालन आहे' असं सांगायचे. मामांना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त त्यानंतर थेट दिवाळीपर्यंत माझा फोन उचलला की म्हणायचे, "कोण? पशुपालनवाल्यांची भाची का?"

त्यांचं काम म्हणजे विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहायचं. तोंडाने ते दोघांशीही भरपूर बोलतात. म्हशीचं कौतुक करतात, मग तिच्याच शिंगांना नावं ठेवतात, घेणाऱ्याच्या गावातल्या ओळखी काढतात. पण भाव तोंडाने कधीच बोलत नाहीत. त्यासाठी खांद्यावरचा टॉवेल असतो. तो समोरच्याच्या हातावर टाकायचा आणि खालून त्याची बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा धरला की पाच. शेकडा की हजार हे दोघांनाही ठाऊक असतं. भोवती कितीही माणसं असली तरी आकडा दोघांतच राहतो. हल्ली पुष्कळ दलाल मोबाईलवर आकडा टाईप करून दाखवतात. मामांना ते पटत नाही. "मोबाईल दाखवला की माणूस मोबाईलकडं बघतो," ते म्हणतात. "टॉवेलाखाली बोट धरलं की त्याचा हात गार हाय का गरम, समदं कळतं."

मला हे इतकं बारीक माहीत आहे, कारण माझं निम्मं लहानपण मामांकडे गेलं. आमचं गाव खर्ड्याजवळ. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागला की परत येतात. तेवढ्या काळात माझी शाळा घोडेगावला असायची. संध्याकाळी मामा बाजारातून आले की माझ्या हातावर टॉवेल टाकायचे. मामी ओरडू नये म्हणून माझे गणिताचे मार्क आम्ही टॉवेलाखाली बोलायचो. तोंडाने मी म्हणायचे, "चांगला गेला पेपर." खाली मी दोन बोटं धरलेली असायची. मामा मामीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "वा, वा!" आणि मला जवळ ओढून कानात म्हणायचे, "पुढल्या बाजारी भाव वाढव जरा."

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. सध्या बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे शिकून माणूस नक्की काय विकतो, असा मामांचा प्रश्न होता. मी दोन-तीनदा सांगायचा प्रयत्न केला. मला नीट सांगता आलं नाही आणि मामांनीही फार ताणलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मामांच्या दंडावर काळेनिळे डाग उठायला लागले. आधी वाटलं, एखाद्या खोंडानं ढुशी दिली असेल. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मामीने त्यांची मिश्री चुलीत टाकली आणि आता थांबेल म्हणून सगळ्यांना सांगितलं. रक्त थांबलं नाही. नगरच्या दवाखान्यात हाडातला मगज तपासला, तेव्हा कळलं की रक्त तयार करणारा हाडातला कारखानाच जवळपास बंद पडला आहे. लाल रक्त कमी, पांढरं कमी आणि जखम झाली तर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तर अगदीच कमी. आमच्याकडे प्लेटलेटना 'पेशी' म्हणतात. डेंग्यू झाला की गावभर चर्चा असते, पेशी किती राहिल्या. त्यामुळे मामांकडे येणारा प्रत्येक जण पपईची पानं आणि शेळीचं दूध घेऊन यायला लागला. मामा म्हणाले, "आता शेळीच बांधा खाटंला, रोज कोण पिळत बसणार."

मग दर आठवड्याला बाहेरून प्लेटलेट चढवायचं सुरू झालं. पहिल्यांदा पिशवी दवाखान्यात नव्हती, दुसऱ्या रक्तपेढीतून आणायची होती. मी आणि मामी रिक्षाने गेलो. मामीच्या हातात एक थर्माकोलचा डबा होता. मला वाटलं जेवणाचा असेल. रक्तपेढीतल्या ताईंनी पिशवी काढली, तशी मामीने डबा उघडला. आत बर्फ. जनावरांना लाळ-खुरकताची लस आणायची ती बर्फातच, हे घोडेगावात लहान पोरालाही माहीत असतं. मामीने तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांकडून डबा मागून आणला होता, आणि बर्फ रसवंतीवाल्याकडून.

"अहो काकू, बर्फात नाही चालत!" ताई म्हणाल्या. "रक्त थंडीत ठेवतात, प्लेटलेट नाही. यांना घरातल्या हवेत ठेवायचं आणि हलवत राहायचं. हे बघा."

त्यांच्या मागे एका कपाटात पिशव्या फळीवर ठेवल्या होत्या आणि फळ्या आपोआप पुढेमागे डुलत होत्या. मामी बघतच राहिली.

"पाळनाच की वं ह्यो," ती म्हणाली.

"तसंच समजा. आणि फार दिवस टिकत नाहीत. पाच दिवस, बस्स. म्हणून तर कायम तुटवडा."

परत येताना मामीने ती पिशवी दोन्ही तळहातांवर घेतली आणि सगळ्या रस्त्याने डुलवत राहिली. नगरच्या रस्त्यांवर मुद्दाम डुलवायची फारशी गरज नव्हती. पण तिने एक क्षण हात थांबवला नाही. पिवळसर, लिंबाच्या सरबतासारख्या रंगाची पिशवी. बर्फाचा डबा माझ्या मांडीवर गळत होता. आम्ही वॉर्डाच्या दारात दिसताच मामांनी खाटेवरून विचारलं, "पोरगं झालं का पोरगी?"

कॉलेजात सेमिनारचा विषय द्यायची वेळ आली तेव्हा मी न विचार करता 'मूळ पेशींपासून प्लेटलेट तयार करणे' असं सांगितलं. सर म्हणाले, "अवघड आहे, बघ." अवघड जाणार हे मलाही माहीत होतं. पण रक्तपेढीतली ती डुलणारी फळी डोळ्यांसमोरून जात नव्हती. दात्याकडून घ्यायचं, पाच दिवसांत वापरायचं, पुन्हा दाता शोधायचा. गावातले किती जण नगरला येणार? ज्या दिवशी एक जण यायला तयार व्हायचा, त्या दिवशी नेमकी त्याची चतुर्थी निघायची आणि ताई उपाशीपोटी माणसाला परत पाठवायच्या. या सगळ्याऐवजी प्लेटलेट कारखान्यात बनल्या तर? आणि त्यावर जगात कुणीतरी खरंच काम करतंय, हे वाचून मला इतका आनंद झाला की मी होस्टेलच्या गॅलरीत येऊन उभी राहिले.

मला लोकांसमोर बोलायची भीती वाटते. म्हणून मामांना प्लेटलेट चढत असताना मी त्यांच्यासमोर तालीम करायचे. पिशवी संपेपर्यंत त्यांना उठता येत नसे, त्यामुळे श्रोता पक्का होता.

मी सांगितलं, "मूळ पेशी म्हणजे अशी पेशी, जी अजून काहीच झालेली नाही. तिला जसं वाढवाल तशी ती होते."

"म्हंजी कालवड," मामा म्हणाले.

मी म्हटलं, साधारण तसंच. मग सांगितलं की तिला वेगवेगळी औषधं देत देत एक मोठी पेशी तयार करतात. ती आपल्या हाडांच्या मगजात असते. ती इतर पेशींपेक्षा खूप मोठी असते आणि तिचेच बारीक बारीक तुकडे सुटून रक्तात जातात. ते तुकडे म्हणजे प्लेटलेट. एकीतून हजारो निघतात.

"ही म्हैस," मामा म्हणाले. "लई दुधाची."

"मामा, मला सरांसमोर म्हैस म्हणता येणार नाही."

"मनातल्या मनात म्हण. पुढं?"

"पुढे अडचण अशी की बाटलीत या मोठ्या पेशी वाढवता येतात, पण नुसत्या ठेवल्या तर त्या प्लेटलेट फार थोड्या सोडतात. शरीरात रक्त वाहत असतं, धक्के बसत असतात. तसं बाटलीतही ढवळावं लागतं, नुसतं गोल गोल नाही, उलटसुलट. मग जास्त सुटतात."

शेजारच्या खाटेवरचे आजोबा आतापर्यंत डोळे मिटून होते. ते म्हणाले, "पान्हा सोडत न्हाई ती. रेडकू लावा."

मामा एकदम खूश झाले. "तेच सांगतीया ती, बाबा. रेडकाची मशीन काढलीय त्यांनी."

मला हसू येत होतं आणि तालीमही बिघडत होती. पण खरं सांगायचं तर हे सगळं मला तेव्हाच पहिल्यांदा नीट समजलं. आधी नुसतं पाठ होतं.

शेवटी मी सांगितलं की काही रुग्णांना इतकी वेळा दुसऱ्यांच्या प्लेटलेट दिलेल्या असतात, की शरीर त्या ओळखायला शिकतं आणि लगेच मारून टाकतं. परदेशात अशा एका बाईंना त्यांच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत बनवलेल्या प्लेटलेट दिल्या गेल्या. काही अपाय झाला नाही. पण त्यांच्या प्लेटलेटचा आकडा काही वाढला नाही.

मामांनी पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं ऐकलं. तिसरंही ऐकलं. शेवटचं ऐकलं नाही. माझा आवाज शेवटाकडे लहान होतो, हेही खरं. "म्हंजी कुनाचंच काय घ्यायचं न्हाई," ते हळू म्हणाले. "आपलंच आपल्याला." त्यांनी ते दोनदा म्हटलं. तेव्हा मला ते साधंच वाटलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. मामांच्या भावंडांचे नमुने तपासायला पाठवले होते. थोरल्या मामांचं जुळलं नव्हतं. माझ्या आईचं पूर्ण जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात. बहिणीच्या मूळ पेशी घ्या. पुण्यात सोय आहे, मी चिठ्ठी देतो. तुमचा कारखाना त्या पुन्हा सुरू करतील. मात्र उशीर नको. जितक्या पिशव्या जास्त चढतील, तितकं तुमचं शरीर परकं ओळखायला शिकेल. मग बाहेरच्या प्लेटलेटही लागू पडणार नाहीत आणि बहिणीच्या पेशी रुजणंही अवघड होईल."

मामीने पदर डोळ्यांना लावला. मी मनात आईला फोनसुद्धा लावला होता. मामा मात्र खुर्चीत आरामात टेकले. हा टेकण्याचा प्रकार मी बाजारात शेकडो वेळा पाहिला आहे.

"डॉक्टरसाहेब, एवढी घाई कशाला," ते म्हणाले. "बाजार अजून उठला न्हाई. दुसरा माल येतोय."

"कुठला माल?"

मामांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "हिच्या कालिजातून. माझ्याच पेशीपास्नं पेशी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मला करता येणार नाही. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एक सेंट्रिफ्यूज आहे. ते सुरू केलं की टेबलावरून चालायला लागतं, म्हणून दोघींनी धरून ठेवावं लागतं. तेच मला आठवलं आणि मी म्हटलं, "सर, मी फक्त सेमिनार देणार आहे."

"ती लाजाळू हाय," मामा डॉक्टरांना म्हणाले.

बाहेर आल्यावर मामी त्यांच्यावर तुटून पडली. "अवो, येड लागलं का तुमाला? आक्काचं जुळलंय. देवानं दिलंय!"

"आक्काचं घ्यायचं व्हय?" मामा म्हणाले. "भावानं?"

मग आम्हाला कळलं. आईला मामा आक्का म्हणतात. ती त्यांच्यापेक्षा मोठी. मामा आमच्या गावी आले की चहासुद्धा अर्धा कप घेतात, आणि निघताना माझ्या हातात काहीतरी ठेवल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. त्यांच्या हिशेबात भाऊ बहिणीला देतो. भाऊबीजेला, पोरीच्या लग्नात, अडीनडीला. बहिणीकडून घ्यायचं असं काही त्यांच्या डोक्यात बसतच नव्हतं. त्यात हाडातलं. "ती उसाच्या मोळ्या टाकती डोक्यावर," ते म्हणाले, "आन मी तिच्या हाडातलं काढू? दसरा तोंडावर आलाय. ती गेली न्हाई तर दाजी एकटं काय करणार? थांबू जरा. पोरीच्या पेशी आल्या की कुनाचं काय घ्यायला नको."

जगात कुठल्याही दलालाने माझ्यावर इतका भरवसा ठेवला नसेल. आणि तो भरवसा मोडायचं काम माझ्यावरच आलं.

दुसऱ्या दिवशी मी ते समोरासमोर सांगितलं. "मामा, त्या प्लेटलेट यायला अजून वेळ आहे."

"येळ समद्यालाच लागतो."

"खूप वेळ, मामा."

"खूप म्हंजी घेनाऱ्याचं खूप का इकनाऱ्याचं खूप?"

"खरंच खूप."

मामा हसले. "शिकली पोरगी. माल आपला असला की असंच बोलावं. आधीच फार सांगू न्हाई."

मी मोबाईलवर चित्रं दाखवली. त्या बाईंचा आकडा वाढला नव्हता, हेही पुन्हा, मोठ्या आवाजात सांगितलं. मामा म्हणाले, पहिल्या वेताला दूध कमीच असतं. सरांना फोन लावून स्पीकरवर विचारलं. सर म्हणाले, भविष्यात नक्कीच शक्यता आहे. ते बिचारे खरंच बोलले, पण मामांना तेवढंच हवं होतं. मी जे तोंडाने बोलत होते, ते त्यांना बाजारातलं बोलणं वाटत होतं. सगळं आयुष्य त्यांनी तोंडाने बोललेलं बाजूला सारून खरा आकडा काढण्यात घालवलं आहे. ते माझ्यावर अविश्वास दाखवत नव्हते. त्यांना वाटत होतं, मी अजून भाव सांगितलेलाच नाही.

त्या आठवड्याची पिशवी लागली तेव्हा डॉक्टरांनी नंतरचा आकडा पाहिला आणि ओठ दाबले. पूर्वीइतका वाढला नव्हता. मामी माझ्याकडे बघत राहिली.

पुढच्या खेपेला मामांच्या डाव्या हाताला सुई होती. उजवा मोकळा होता. टॉवेल खाटेच्या दांड्यावर वाळत घातला होता. मामी चहा आणायला गेली. मी टॉवेल काढला, मामांच्या उजव्या हातावर टाकला आणि माझा हात खाली घातला. हे मी सातवी-आठवीनंतर कधी केलं नव्हतं. वॉर्डातली माणसं बघत होती. शेजारचे आजोबा उठून बसले.

मामांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं, पण डोळे बदलले. "हात गार हाय तुझा," ते म्हणाले.

"बोला," मी म्हटलं.

त्यांनी माझं एक बोट धरलं आणि भुवया वर केल्या. एक वर्ष. मी बोट सोडवून घेतलं.

दोन. सोडवून घेतली.

तीन धरली, मी ओढली, तर त्यांनी आपणहून पंजा धरला. पाच वर्षं. एरवी एवढी उडी ते कधी मारत नाहीत. मी तोही सोडवून घेतला. मग मी त्यांचा पंजा धरला. सोडला. पुन्हा धरला. सोडला. आता मला सांगायचं होतं की एवढंही नक्की नाही, कुणालाच माहीत नाही. पण बाजारात 'माहीत नाही'ची खूणच नाही. ज्याला भाव माहीत नाही तो टॉवेलाखाली हात घालत नाही. काय करावं ते सुचेना, म्हणून मी त्यांचा हात नुसता धरून ठेवला.

पिशवीतून थेंब पडत होते.

"धा?" मामांनी विचारलं. त्यांनी आकडा तोंडाने बोललेला मी पहिल्यांदाच ऐकला. "आन धा बी पक्कं न्हाई?"

मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि आजोबा बघत होते.

"मग तुझा त्यो शेमिनार खोटा?"

"नाही, मामा. ते खरं आहे. होणार आहे ते. फक्त तुमच्या वेळेत नाही."

त्यांनी वर बघितलं, पंख्याकडे. मग पुन्हा माझं एक बोट धरलं. "आक्काचं?" त्यांनी विचारलं. "हाड किती फोडत्यात?"

"फोडतच नाहीत! चार-पाच दिवस इंजेक्शन घ्यायची, मग मूळ पेशी हाडातून आपोआप रक्तात येतात. मशीनवर रक्त फिरवून तेवढ्याच काढून घेतात, बाकीचं परत तिला. थोडी अंगदुखी होते. तिच्या हाडात नव्या पुन्हा तयार होतात."

"पुन्हा हुत्यात?"

"होतात."

"मंग डॉक्टर तवाच का न्हाई बोलला?"

"तुम्ही त्यांना बाजार उठला नाही असं सांगत होतात."

शेजारचे आजोबा खोकले. हसताना ते असेच खोकतात. मामी चहा घेऊन आली. आम्हा दोघांचे हात टॉवेलाखाली पाहून म्हणाली, "आता काय इकताय, दवाखाना?"

"सौदा झाला," मामा म्हणाले. "लाव आक्काला फोन."

फोन मी लावला आणि मामांच्या हातात दिला. एवढा बोलका माणूस. नुसतं "आक्का, ते तुझं जुळलंय म्हनं," म्हणाले. आईला मी आधीच सगळं सांगितलं होतं. ती फोनवर नेहमी शेतातल्यासारखी बोलते, त्यामुळे वॉर्डात सगळ्यांनी ऐकलं.

"जुळलंय ते ठाव हाय मला! कवापास्नं वाट बघतीया. बहिनीचं घ्यायचं न्हाई म्हन्तोस व्हय रं? आमी उसाला गेलो की माझी आख्खी पोरगी तू घेऊन ठिवलीस, तवा नाय इचार केला? तवा मी म्हनले का, भावाकडं कशी ठिवू?"

"आक्का, तसं न्हाई…"

"तसंच हाय. आन ह्यांची काळजी तुला नगं. ह्यांच्या जोडीला माझा दीर जाईल कोयत्यावर, ऊस तोडाया. मी मागनं जाईन. तू पुन्याला कवा जायाचं तेवढं बोल."

मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि टॉवेल तोंडावर घेतला. आम्ही कुणी तो काढला नाही.

सेमिनार त्याच महिन्यात झाला. मी म्हैस म्हटलं नाही, पण मोठ्या पेशीपाशी आल्यावर घोडेगावची आठवण येऊन थोडी थांबले आणि सरांना वाटलं मी विसरले. शेवटी एका मॅडमनी विचारलं, "हे रुग्णांना सहज कधी मिळेल?" आधी मी असा प्रश्न आला तर 'नजीकच्या काळात' असं उत्तर लिहून ठेवलं होतं. मी म्हटलं, "माहीत नाही, मॅडम. ज्यांना आज गरज आहे त्यांनी यासाठी थांबू नये." मार्क बरे मिळाले. ते मी मामांना टॉवेलाशिवाय सांगितले.

पुण्याला जायला दिवाळीनंतरचे दिवस आले. सरकारी योजना, मदतीचे अर्ज, ते सगळं थोरल्या मामांनी बघितलं. आईला इंजेक्शनांनी कंबर दुखायची. ती म्हणायची, "ऊस तोडून दुखती तशीच दुखती, फक्त ऊस दिसत न्हाई." मशीनच्या दिवशी तिला बराच वेळ एका जागी पडून राहावं लागलं. तिचा खरा त्रास तो होता. दर थोड्या वेळाने ती नर्सना म्हणायची की काही निवडायचं-बिवडायचं असेल तर द्या इकडे, माझा एक हात मोकळाच आहे.

मामा काचेपलीकडच्या खोलीत होते. तिथे जायला मनाई होती. पिशवी लावली तेव्हा त्यांनी फोन केला.

"आक्का, आली तुझी पिशवी."

"कशी हाय?"

"लाल हाय. बारकी हाय." थोडं थांबून ते म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच म्हन्तोय!" आई आमच्याकडे वळून म्हणाली. "दिसभर पडून काढलंय ते. सांडू नगस म्हनावं."

नंतरचे आठवडे वाईट गेले. ताप, तोंड आलेलं, बोलायचं त्राण नाही. ते मी इथे सगळं लिहीत नाही, मला ते लिहिता येणार नाही. रोज मामी आकडा सांगायची आणि मी होस्टेलच्या जिन्यात बसून ऐकायचे. बाहेरच्या पिशव्या चालूच होत्या. मग एके दिवशी आकडा खाली आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पिशवी न लावता थोडा वर गेला. मामी फोनवर आकडा सांगायचीच विसरली, नुसती म्हणाली, "पान्हा सुटला गं."

आई मागून गेली तोडीला. मामा आता घोडेगावात घरीच असतात, औषधं चालू आहेत आणि गर्दीत जायचं नाही म्हणून बाजार बंद. त्यांचा रक्तगट आता आईचा झाला आहे. हे कळल्यापासून त्यांच्या सगळ्या दुर्गुणांना कारण मिळालं आहे. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ते ओरडले की म्हणतात, "मी न्हाई, आक्का बोलतीया." त्यावर मामी म्हणते, "आधी जनू लईच गरीब हुतात." आईला हे सांगितलं तर ती म्हणते, माझ्या पेशी परत पाठवा मग.

मागच्या रविवारी मी गेले होते. पुढे एम.एस्सी. करायचं, आणि झालंच तर याच कामात, असं मी चाचरत सांगितलं. मामा तोंडाला मास्क लावून ओट्यावर बसले होते. समोरून दोन शेजारी ऐकत होते, म्हणून मामांनी आवाज मोठा केला.

"मग काय वं शास्त्रज्ञबाई? तुमचा पेशीचा कारखाना कवा सुरू हुनार?"

मी म्हटलं, "टॉवेल आणा, मग सांगते."

मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि हात पुढे केला.

"दे," ते म्हणाले. "पर आज हात गरम ठेव."